गढी पाहिलेल्या डोळ्यांनी: आओस्ताच्या खोऱ्यातील किल्ले आणि मनोरे कसे पाहावेत

मराठवाड्यातील माणसाला गढी नवी नाही. पांढऱ्या मातीचे जाड तट, कोपऱ्यांवर ढासळत चाललेले बुरूज, मोठ्या दरवाजातली वाकूनच जावे लागेल अशी दिंडी, आत देशमुखांचा वाडा, आड, धान्याची पेवे आणि बळदे ही मांडणी ज्याने लहानपणी पाहिली आहे, त्याला इटलीच्या वायव्य टोकाला असलेले आओस्ताचे खोरे परके वाटण्याचे कारण नाही. हे आरंभीच सांगतो, कारण आपल्याकडून युरोपात जाणारा प्रवासी 'कॅसल' म्हणजे किल्ला असे मनात धरून निघतो, देवगिरीची अपेक्षा ठेवतो आणि तीस मीटर लांबीरुंदीची एक चौकोनी इमारत पाहून 'एवढेच का' म्हणत परततो. या खोऱ्यातील बहुतेक वास्तू आपल्या अर्थाने किल्ले नाहीत. त्या गढ्या आहेत. इटालियन भाषेत त्यांच्यातल्या लहान वास्तूंसाठी 'कासाफोर्ते' असा शब्दच आहे, आणि त्याचा सरळ अर्थ 'भक्कम घर' असा होतो. तेव्हा तेथे गेल्यावर 'हा किल्ला कोणी कसा जिंकला' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि गढीला विचारतो ते प्रश्न विचारावेत: येथे कोण राहत होते, ते वसुली कशाची करीत, धान्य कोठे साठवीत, पाहुण्याला कोठे बसवीत आणि गावाचा न्यायनिवाडा कोणत्या दालनात होई.

दुसरी गोष्ट रस्त्याची. आओस्ताचे खोरे म्हणजे मुळात एक वाट आहे. माँ ब्लाँ पर्वताच्या पायथ्याकडून निघालेली दोरा बाल्तेआ नदी पूर्वेकडे, मग आग्नेयेकडे वाहत पो नदीला मिळते, आणि तिच्या काठाने जाणारी वाट वर जाऊन दोन खिंडींना फुटते. २,४६९ मीटर उंचीवरील ग्रँ सँ बर्नार खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये उतरता येते आणि २,१८८ मीटर उंचीवरील पती सँ बर्नार खिंडीतून फ्रान्समध्ये. रोमन लोकांनी इ. स. पूर्व २५ मध्ये येथील सालासी टोळ्यांचा पराभव करून आओस्ता शहर वसवले ते या दोन्ही वाटांवर नजर ठेवण्यासाठीच. पुढे मध्ययुगात रोमकडे निघालेले यात्रेकरू, मीठ व कापड वाहणारे व्यापारी आणि सैन्ये याच वाटेने गेली. ज्याच्या ताब्यात वाटेचा अरुंद भाग, त्याच्या हाती जकात. ज्यांनी तेरचे जुने बाजारपेठेचे वैभव आणि पैठणहून निघणाऱ्या व्यापारी वाटांविषयी वाचले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सर्व किल्ले याच वाटेच्या दोन्ही अंगांना ओळीने उभे आहेत, आणि ते वाटेच्या क्रमाने पाहिले तरच त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध उलगडतो.

जाण्यापूर्वी एका घराण्याचे नाव मात्र पाठ करावे: शालाँ. आओस्ताचे हे व्हायकाउंट, म्हणजे सव्हॉय या आल्प्समधील सत्ताधारी घराण्याच्या काउंटच्या वतीने खोऱ्याचा कारभार पाहणारे वतनदार. आपल्याकडील देशमुखीशी ही व्यवस्था तंतोतंत जुळत नाही, पण वरच्या सत्तेशी कधी निष्ठेने आणि कधी घासाघीस करून वागणारे, जमिनी आणि मानपान राखून असलेले घराणे म्हणून ते आपल्या चांगल्या ओळखीचे वाटते. १२९५ मध्ये एबालो या त्यांच्या कर्त्या पुरुषाने व्हायकाउंटपद सव्हॉयच्या काउंटला सोडून दिले. पुढच्याच वर्षी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीच्या पायथ्याशी येऊन ठाकली होती. कालखंडाचा अंदाज यावा म्हणून हा दुवा लक्षात ठेवावा. पद गेले तरी शालाँ घराण्याच्या जमिनी वाढतच गेल्या, आणि वेर्रेस, फेनिस, इसोन्य, उसेल आणि एमाविल या सर्व वास्तूंवर त्यांचा हात फिरला आहे. काउंट स्वतः न्यायदानासाठी खोऱ्यात उतरला की स्थानिक सरदारांना आपापल्या किल्ल्यांचा ताबा त्याच्या स्वाधीन करावा लागे, ही प्रथा ऐकली की किल्ल्याचा मालक आणि किल्ल्याचा धनी हे दोन वेगळे असू शकतात हे ध्यानात येते.

आता तयारीविषयी. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. महाराष्ट्रातील अर्ज इटलीच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळी गर्दीत मुलाखतीची वेळ मिळणेच अवघड जाते, म्हणून मे-जूनमध्ये निघायचे असेल तर संक्रांतीनंतर लगेच कागद गोळा करायला घ्यावेत. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. प्रवासातील सर्वाधिक रात्री इटलीत घालवणार असाल तरच इटलीकडे अर्ज करावा. चार देशांच्या सहलीत आओस्ताला एक दिवस देणाऱ्याने तो जेथे अधिक राहणार आहे त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. लातूर, नांदेड किंवा परभणीहून मुलाखतीसाठी मुंबईला जाणाऱ्यांनी रात्रीच्या गाडीने पोहोचून त्याच दिवशी परत निघण्याचा बेत आखू नये. एखादा कागद कमी निघालाच तर हाताशी अर्धा दिवस असावा.

आओस्ताला जाण्यासाठी मिलान किंवा तुरिन येथे उतरणे सोयीचे. नकाशात तुरिनहून इव्रेआमार्गे आओस्तापर्यंत रेल्वेमार्ग दिसतो, परंतु इव्रेआ ते आओस्ता हा भाग विद्युतीकरणाच्या कामासाठी जानेवारी २०२४ पासून बंद करण्यात आला आणि त्याऐवजी बस ठेवण्यात आल्या. निघण्यापूर्वी मार्गाची त्या वेळची स्थिती पाहूनच तिकीट काढावे. खोऱ्यात फिरण्यासाठी बस पुरेशा आहेत, फक्त रविवारी आणि सणाच्या दिवशी त्या विरळ होतात. मोटार भाड्याने घेणाऱ्याने आपल्या जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून मूळ परवान्यासह सोबत ठेवावा. तेथे वाहन रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. इटलीतील जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या वाहनांना बंदी असलेले भाग असतात आणि त्यांच्या वेशीवर कॅमेरे असतात. दंडाची चिठ्ठी घरी परतल्यावर महिन्यांनी येते. गाडी वेशीबाहेर लावून पायी आत जाणे हेच शहाणपणाचे.

ऋतूची निवड करताना मराठवाड्याच्या माणसाला एक सोय आहे. आओस्ता शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८३ मीटर उंचीवर आहे, म्हणजे छत्रपती संभाजीनगराहून जेमतेम पंधरा मीटर उंच. फरक इतकाच की तेथे चहूबाजूंना चार हजार मीटरांहून उंच शिखरे उभी आहेत. ती ढग अडवतात, म्हणून खोऱ्याचा तळ चक्क पर्जन्यछायेत आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत तेथील शेतकऱ्यांनी हिमनद्यांचे पाणी डोंगरउतारावरून शेतांपर्यंत आणण्यासाठी मैलोन्‌मैल पाट खोदले. त्यांना 'रू' म्हणतात आणि त्यांतील काहींच्या काठाने आज पायवाटा आहेत. मलिक अंबरने सतराव्या शतकात संभाजीनगरात आणलेली नहर पाहिलेल्या माणसाने अशा एखाद्या पाटाकाठी तासभर अवश्य चालावे. मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते. हिवाळ्यात थंडी सोसेल, परंतु बहुतेक किल्ल्यांच्या वेळा तेव्हा आखूड होतात, दुपारी मध्ये कुलूप लागते आणि सोमवारी सुटी असते. मी पहिल्या खेपेस एका किल्ल्याच्या दाराशी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी पोहोचलो आणि बाहेरच्या दगडी ओट्यावर तासभर बसून घरून नेलेल्या धपाट्यांचा शेवट केला. धपाटे चांगले टिकले होते, एवढेच समाधान.

बऱ्याच किल्ल्यांत एकटे फिरता येत नाही. मार्गदर्शकासोबत ठरावीक वेळेला छोट्या गटाने आत सोडतात, म्हणून वेळ आधी आरक्षित करावी आणि मार्गदर्शन कोणत्या भाषेत आहे हे तेव्हाच विचारावे. खोऱ्यात इटालियन आणि फ्रेंच या दोन्ही राजभाषा आहेत, आणि घरांत तिसरीच फ्राँको-प्रोव्हाँसाल बोली चालते. गावांची नावे फ्रेंच वळणाची आणि उच्चार इटालियन कंडक्टरचा, असा प्रकार असल्याने थांब्याचे नाव कागदावर लिहून दाखवणे सोपे जाते. जिने अरुंद, गोल आणि झिजलेले आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना कोठे न्यावे आणि कोठे नेऊ नये हे पुढे सांगितले आहे.

सुरुवात आओस्ता शहरापासून करावी, कारण मनोरा म्हणजे काय हे येथे फुकट शिकता येते. रोमन लोकांनी शहराभोवती सुमारे ७२४ बाय ५७२ मीटरचा आयताकृती तट बांधून त्याला वीस बुरूज दिले होते. तो तट आजही बराचसा उभा आहे. रोमन सत्ता गेल्यानंतर मध्ययुगातील सरदारांनी नवे दगड घडवण्याचा खर्च वाचवला आणि त्याच बुरुजांच्या पायावर आपले मनोरे चढवले. जुन्या देवळांचे खांब आणि शिळा पुढच्या काळातील तटांत बसलेल्या आपण अनेक ठिकाणी पाहतो, तोच व्यवहार. तटाला फेरी मारताना भिंतीच्या खालच्या भागातील मोठे, नेटके चिरे आणि वरचा ओबडधोबड दगड यांच्यातील सांधा शोधावा. ही एक सवय लागली की पुढचे सगळे किल्ले वाचता येतात.

ईशान्य कोपऱ्यातील तोर्रे देई बालिव्ही हा बाराव्या शतकातील मनोरा काउंटच्या अधिकाऱ्याचे ठाणे होता आणि पुढे दीर्घकाळ तुरुंग. दक्षिणेच्या तटावरील ब्रामाफाम मनोऱ्याच्या नावाचा संबंध लोक भुकेने फोडलेल्या हंबरड्याशी जोडतात, आणि त्यावर कोंडून ठेवलेल्या पत्नीची एक दंतकथाही सांगतात. दंतकथा ऐकावी, पण तिच्यासाठी थांबू नये. रोमन नाट्यगृहाजवळच्या 'तूर फ्रोमाज'चे नाव मात्र खरोखर गमतीचे आहे. फ्रोमाज म्हणजे चीज, पण तेथे चीज कधी विकले जात नव्हते; कासेई आडनावाच्या घराण्याचा तो मनोरा आणि आडनावाचाच अर्थ चीजकडे जाणारा.

मनोरा पाहताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली म्हणजे दरवाजा जमिनीलगत आहे की दोन पुरुष उंचीवर. जुन्या मनोऱ्यांचा दरवाजा उंचावर असतो, कारण शिडी वर ओढून घेतली की आतला माणूस सुरक्षित. खाली आज दिसणारे दार बहुधा नंतर फोडलेले असते. दुसरी गोष्ट आकाराची. चौकोनी मनोरे सामान्यतः आधीचे; तेराव्या शतकात सव्हॉयच्या बांधकामांत गोल मनोरा आला, कारण कोपरा खणून पाडता येतो आणि गोलाईला कोपराच नसतो. हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर आओस्ताच्या पश्चिमेस व्हिलनव्ह गावावरील शातेल-आर्जाँ येथील गोल मनोरा पाहावा. वर जाणारी चढण थोडी दमवते, पण खोऱ्याचे दोन्ही पदर तेथून एकदम दिसतात. तिसरी गोष्ट म्हणजे माथ्यावर भिंतीच्या बाहेर झुकलेला दगडी सज्जा. त्याच्या तळाला भोके असतात. चर्यांआडून, म्हणजे तटाच्या माथ्यावरील दात्यांआडून, समोर मारा करता येतो, पण तटाच्या अगदी पायाशी येऊन भिडलेल्या माणसाला त्या भोकांतूनच गाठता येते. हा सज्जा कधी खरा असतो आणि कधी केवळ शोभेचा, आणि तो कोणता हे ओळखणे हाच या प्रवासातील अर्धा आनंद आहे.

एक संपूर्ण दिवस वेर्रेस आणि इसोन्य यांना द्यावा. आओस्तापासून पूर्वेला पस्तीस-चाळीस किलोमीटरवर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर असलेल्या या दोन वास्तू एकाच घराण्याच्या आहेत आणि एकमेकींच्या अगदी उलट आहेत. सकाळी वेर्रेस चढावे. कड्यावरचा हा किल्ला म्हणजे एकसंध दगडी घन आहे, प्रत्येक बाजू सुमारे तीस मीटर आणि भिंतींची जाडी अडीच मीटर. इब्लेतो दे शालाँ याने तो पूर्ण केला ते साल, १३९०, दगडावर कोरलेले आहे. पूर्वीचे किल्ले म्हणजे तटाच्या आत सुटे मनोरे, घरे, कोठारे; येथे सगळे काही एका इमारतीच्या पोटात घेतले आहे. बाहेरून शुष्क वाटणाऱ्या या ठोकळ्याच्या आत शिरले की मधला चौक लागतो आणि त्याच्या भिंतींवरून कमानींच्या आधारे चढत जाणारा दगडी जिना दिसतो. हा जिना पाहण्यासाठी चौकाच्या मध्यभागी उभे राहून मान वर करून स्वस्थ थांबावे. मार्गदर्शक पुढे निघाला तरी हरकत नाही.

वेर्रेसच्या बाहेरच्या अंगाला दुसरा काळ भेटतो. १५३६ मध्ये रेनातो दे शालाँ याने किल्ला तोफांच्या युगाला जुळवून घेतला: दाराबाहेर नवी भिंत आली आणि तोफांसाठी रुंद तोंडाच्या जंग्या, म्हणजे मारा करण्याची भोके, आली. नळदुर्ग किंवा परांडा पाहिलेल्याला येथे घरच्यासारखे वाटेल आणि थोडा अभिमानही वाटेल, कारण तोफेसाठी तटाचा आणि बुरुजाचा विचार परांड्यात जितका विस्ताराने केलेला दिसतो तितका या खोऱ्यात मध्ययुगीन वास्तूंत कोठेच नाही. गावात खाली उतरल्यावर चौकातून जावे. १४४९ मध्ये किल्ल्याची वारसदार कातेरिना दे शालाँ ही पतीसह खाली उतरून गावातील तरुणांबरोबर या चौकात नाचली अशी परंपरा आहे, आणि वेर्रेसचा कार्निव्हल आजही तिच्याच नावाने साजरा होतो. स्त्रीला वारसा मिळू द्यायचा की नाही यावरून भाऊबंदकी पेटलेली असताना गावाला आपल्या बाजूने ठेवण्याचा तो प्रसंग होता, असे समजून तो चौक पाहिला की नाचाचा अर्थ बदलतो.

दुपारी नदी ओलांडून इसोन्यला जावे. अंतर पायी जाण्यासारखे आहे. इसोन्यला पोहोचल्यावर 'किल्ला कोठे आहे' असे विचारण्याची पाळी येईल. बाहेरून ते गावातील एक मोठे, साधे घर आहे. गढीच्या आतला वाडा म्हणतो तो हाच. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे वीस वर्षे जोर्जो दे शालाँ या धर्माधिकाऱ्याने ते आजच्या रूपात आणले. चौकात लोखंडी डाळिंबाच्या झाडाचे कारंजे आहे. झाडाजवळ जाऊन पाने पाहावीत: फळे डाळिंबाची आहेत आणि पाने ओकची. वेर्रेसचे सामर्थ्य जाड भिंतींत होते, इसोन्यचे या लोखंडी पानांत आहे.

पण मला इसोन्य आवडते ते ओसरीसाठी. प्रवेशाजवळच्या कमानदार ओसरीच्या भिंतींवर दुकानांची चित्रे आहेत: शिंप्याचे दुकान, औषधे विकणारा, भाजी-फळांचा बाजार, खाटीक, भट्टीतून पाव काढणारा, चीज आणि तेलतुपाचा दुकानदार आणि एका दालनात शस्त्रे टांगून पट खेळत बसलेले पहारेकरी. राजाचे दरबार आणि संतांचे चमत्कार युरोपात सर्वत्र रंगवलेले सापडतात; इतक्या मायेने रंगवलेला मोंढा क्वचित दिसतो. प्रत्येक चित्रात तराजू कोठे आहे, कोण कोणाकडे पाहतो आहे, दुकानाच्या कोपऱ्यात काय लपवले आहे हे पाहण्यासाठी किमान अर्धा तास हवा, आणि गटासोबत तेवढा मिळत नाही. म्हणून ओसरी खुली असल्यास आत जाण्याच्या वेळेच्या आधीच पोहोचून चित्रे पाहून घ्यावीत. आतल्या भिंतींवर पाहुण्यांनी, नोकरांनी आणि वाटसरूंनी टोकदार वस्तूने कोरून ठेवलेला मजकूर आहे. प्रेमाविषयी, पैशांविषयी, मृत्यूविषयी. आपल्याकडे अशा कोरीव मजकुराचा आपण रास्त राग धरतो, तेथे चारशे-पाचशे वर्षांनंतर तो इतिहासाचे साधन झाला आहे. यावरून कोणी स्फूर्ती घेऊ नये. एकोणिसाव्या शतकात ही वास्तू ओसाड होत चालली असताना व्हित्तोरिओ आव्होंदो या चित्रकाराने १८७२ मध्ये ती विकत घेतली, विखुरलेले सामान शोधून परत आणले आणि १९०७ मध्ये सरकारला देऊन टाकली.

फेनिससाठी वेगळी सकाळ ठेवावी. आओस्तापासून पंधरा किलोमीटरवर, गाडीतळापासून फार चढण नसलेला हा किल्ला वडीलधाऱ्यांसाठी सर्वांत योग्य आहे. छायाचित्रांत तो सर्वांत लढाऊ दिसतो: दुहेरी तट, गोल व चौकोनी बुरूज, चर्या, सज्जे. पण तो कोठे उभा आहे ते पाहावे. कडा नाही, सुळका नाही, खंदक नाही, नदीचा वळसा नाही. सौम्य उताराच्या कुरणात तो बसवला आहे. आपल्या भुईकोटांनी ही उणीव खंदकाने आणि अनेक पदरी तटांनी भरून काढली. फेनिसने ती भरून काढलेली नाही, कारण बांधणाऱ्या आइमोने आणि बोनिफाचो या शालाँ पितापुत्रांना तेथे वेढा सोसायचाच नव्हता. वाटेने जाणाऱ्याला आपला दरारा आणि आपली ऐपत दिसावी एवढाच हेतू होता. आतल्या चौकात अर्धगोल पायऱ्यांच्या वर संत जॉर्ज अजगराला मारतो आहे असे भित्तिचित्र आहे, जाकोमो जाक्वेरिओच्या चित्रशाळेच्या परंपरेतील. भोवतालच्या लाकडी सज्ज्यांच्या भिंतींवर हातात मजकुराच्या पट्ट्या धरलेले ज्ञानी पुरुष आहेत आणि त्या पट्ट्यांवर जुन्या फ्रेंचमधील सुभाषिते आहेत. मार्गदर्शकाला दोन-तीन वाचून अर्थ सांगण्याची विनंती करावी. ते आनंदाने सांगतात.

शालाँ घराण्याच्या हातून गेल्यावर फेनिस शेतघर झाले. खाली गुरे बांधली जात आणि वर गवत भरले जाई. आपल्या गावांत गढीची पांढरी माती धाब्याच्या घरांवर टाकण्यासाठी वाहून नेतात. गढ्यांचा शेवट सगळीकडे सारखाच होतो. फेनिस वाचले ते आल्फ्रेदो द'आंद्रादे या वास्तुतज्ज्ञामुळे. त्याने १८८४ च्या तुरिन प्रदर्शनासाठी मध्ययुगीन वस्तीची प्रतिकृती उभारताना फेनिस आणि इसोन्यच्या चौकांचा अभ्यास केला होता आणि पुढे १८९५ मध्ये किल्ल्याचे जतन हाती घेतले. आतले फर्निचर मात्र मूळचे नाही, विसाव्या शतकात जुने सामान गोळा करून मांडलेले आहे; त्यामुळे खुर्च्यांपेक्षा छत आणि भिंती पाहाव्यात.

आओस्ताच्या पश्चिमेस दहा-बारा किलोमीटरांच्या आत चार वास्तू आहेत. त्या सर्व एका दिवसात उरकण्याचा मोह आवरावा आणि दोन निवडाव्यात. सारिओ द ला तूरमध्ये 'मस्तकांच्या दालना'तील छताच्या तुळयांखाली कोरलेली दीडशेहून अधिक लाकडी तोंडे आहेत, माणसांची, जनावरांची आणि कशाचीच नसलेली. मुलांना हे हमखास आवडते. एमाविल २०२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. चार गोल मध्ययुगीन बुरुजांच्या मध्ये अठराव्या शतकातील ऐसपैस सज्जे बसवून गढीचा महाल कसा केला जातो हे तेथे दिसते. सँ-पिएर हा दुरून सर्वांत देखणा, पण त्याची ती टोकदार बुटकी शिखरे एकोणिसाव्या शतकातील आहेत. छायाचित्र रस्त्यावरून घ्यावे, आत निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आहे. सार येथील राजवाडा इटलीचा राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा याने १८६९ मध्ये शिकारीसाठी घेतला, आणि तेथील दालनांच्या भिंती व छत पहाडी बकऱ्यांच्या शिंगांच्या नक्षीने भरून टाकले आहेत. ते पाहून मला मळमळल्यासारखे झाले. त्याच राजांच्या शिकारीच्या राखीव रानातून १९२२ मध्ये ग्रान पारादिसो राष्ट्रीय उद्यान झाले आणि उरलेल्या बकऱ्या वाचल्या, हे लक्षात घेऊनच तिकीट काढावे.

बार्दचा प्रचंड दुर्ग खोऱ्याच्या तोंडाशी आहे आणि प्रत्येक प्रवासी तो पाहतोच. तो मध्ययुगीन नाही हे ठाऊक असावे. जुन्या दुर्गातील सुमारे चारशे जणांच्या शिबंदीने मे १८०० मध्ये नेपोलियनचे सुमारे चाळीस हजारांचे सैन्य दोन आठवडे रोखून धरले. चिडून त्याने तो पाडला, आणि आज दिसतो तो १८३० ते १८३८ या काळात नव्याने बांधलेला. वर जाण्यासाठी काचेच्या लिफ्ट असल्याने गुडघ्यांची चिंता नाही. बार्दइतकाच वेळ जवळच्या दोन्नास येथील रोमन रस्त्याला द्यावा. तेथे कड्याचा खडक सरळ कापून रस्ता काढला आहे आणि त्याच खडकाची एक कमान जागेवर तशीच ठेवली आहे. बाजूला आओस्तापासूनचे अंतर दाखवणारा छत्तीस मैलांचा आकडा खडकातच कोरलेला आहे, आणि दगडावर गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या पडल्या आहेत. देवगिरीचा तासलेला कडा पाहिलेला माणूस येथे छिन्नीच्या खुणा शोधू लागतो, आणि त्या सापडतात.

जेवणाविषयी थोडक्यात सांगायचे तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. मक्याचे भरड पीठ शिजवून केलेला 'पोलेंता' ज्वारीच्या कण्यांच्या जवळचा आहे आणि लोणी व फोंतिना चीज घालून केलेला 'पोलेंता कोंच्या' पोटभरीचा होतो. मात्र फोंतिना चीज वासराच्या जठरातील विरजणाने, म्हणजे रेनेटने, लावतात, आणि वाल्पेलिन गावाच्या नावाने मिळणाऱ्या पाव-चीजच्या सूपमध्ये सहसा मांसाचा अर्क असतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी मागवण्यापूर्वी विचारावे. मोचेत्ता, लार्द आणि जाँबाँ या तिन्ही शब्दांचा अर्थ मांस असा होतो.

एक अर्धा दिवस शिल्लक राहिल्यास तो शातियोंजवळच्या उसेलला द्यावा. हा किल्ला बहुधा उन्हाळ्यातच उघडतो. चौदाव्या शतकाच्या मध्यास, वेर्रेसच्या सुमारे चाळीस वर्षे आधी, सगळे घर एका ठोकळ्यात बसवण्याचा प्रयोग शालाँ घराण्याने प्रथम येथे केला. वेर्रेस आधी पाहिले असेल तर उसेलमध्ये त्याचा कच्चा खर्डा वाचल्यासारखे वाटते. पुढे तो तुरुंग झाला, मग ओस पडला. या भागाशी नाते सांगणाऱ्या मार्सेल बिश यांनी तो विकत घेऊन १९८३ मध्ये प्रांताच्या स्वाधीन केला. हे तेच बिश, ज्यांच्या 'बिक' पेनाने जगभरातील शाळकरी मुलांनी वह्या भरल्या. किल्ल्याच्या माथ्यावरून समोरच्या डोंगरावरील क्लीचा पडका मनोरा दिसतो. तेथे जाण्यासाठी संध्याकाळच्या बसची वेळ आधी पाहून ठेवावी.